तापाचा आज कितवा दिवस?

प्रश्न : चार वर्षांच्या मुलाला गोवर आलाय. रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी ३,२००. शेजारी म्हणतात, रक्ताचा मोठा आजार असेल.

उत्तर : शेजाऱ्यांना रिपोर्ट दाखवू नका. गोवराचा विषाणू पांढऱ्या पेशींपैकी मुख्यतः लिम्फोसाइटमध्ये शिरतो, म्हणून पुरळ असताना त्या घटतात. आठवडाभरात आकडा सहसा भरून येतो, तेव्हा पुन्हा तपासा. अ-जीवनसत्त्वाचे लागोपाठ दोन दिवसांचे डोस मात्र डॉक्टरांकडून घ्याच. धाप लागली किंवा मूल मलूल पडलं, तर थांबू नका.

प्रश्न : मुलीला गोवर येऊन दोन महिने झाले. सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, नॉर्मल, तरी सारखी आजारी. आजी म्हणते, गोवराने अंग पोखरलं.

उत्तर : आजीचं बरोबर आहे. पेशींची संख्या परत येते, त्यांची आठवण येत नाही. गोवराचा विषाणू जुने जंतू ओळखणाऱ्या स्मृतिपेशीच मारतो. रिकाम्या जागी येतात त्या मुख्यतः गोवर ओळखणाऱ्या नव्या पेशी. सीबीसी डोकी मोजते, ओळखपाळख नाही! १९०८ मध्येच ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञ फॉन पिर्केने पाहिलं होतं, की गोवरात क्षयाची त्वचाचाचणी उमटेनाशी होते, म्हणजे शरीर ओळखीच्या जंतूलाही प्रतिसाद देत नाही. २०१९ मध्ये नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या ७७ मुलांचं रक्त गोवराआधी आणि नंतर तपासलं, तेव्हा इतर जंतूंविरुद्धच्या अँटिबॉडींपैकी ११ ते ७३ टक्के नाहीशा झाल्या होत्या. लसीने असं होत नाही. म्हणून धाकट्याचे नऊ महिन्यांचा आणि सोळा ते चोवीस महिन्यांतला, असे एमआर (गोवर-रुबेला) लसीचे दोन्ही डोस चुकवू नका. ‘एकदा गोवर येऊन गेलेला बरा’ हे ऐकलं, की मला खरंच राग येतो.

प्रश्न : सात दिवस ताप, डोळे आणि ओठ लाल, अंगावर पुरळ. प्लेटलेट साडेपाच लाख. डेंग्यू नाही म्हणून निश्चिंत राहू का?

उत्तर : नाही, आजच बालरोगतज्ज्ञांकडे जा. हा कावासाकी, म्हणजे रक्तवाहिन्यांना सूज आणणारा आजार असू शकतो. त्यात न्युट्रोफिल या पांढऱ्या पेशी वाढतात, प्लेटलेट बहुधा दुसऱ्या आठवड्यात चढतात. उपचाराविना शंभरातल्या वीस-पंचवीस मुलांच्या हृदयाच्या धमन्या फुगतात. इम्युनोग्लोब्युलिन (शिरेतून दिल्या जाणाऱ्या अँटिबॉडी) पहिल्या दहा दिवसांत द्यायला हवं. तुमचे सात गेले.

प्रश्न : दहा महिन्यांच्या बाळाचा ताप चौथ्या दिवशी उतरला आणि मग पुरळ उठलं. अँटिबायोटिकची ॲलर्जी का?

उत्तर : बाळ हसतं-खेळतं असेल तर बहुधा रोझिओला, बाळांना विषाणूमुळे येणारा सौम्य आजार. यातही पांढऱ्या पेशी कमी दिसतात. फाइलवर ‘ॲलर्जी’ लिहिली जाण्याआधी ताप कधी उतरला, ते डॉक्टरांना सांगा. तो शिक्का पुसायला वर्षं लागतात.