वय दिवसांत लिही

प्रिय मुली,

तुझा निरोप रात्री साडेअकराला आला, म्हणजे दिवसभर तो तुझ्या मनात घोळत असणार. तुझ्या दवाखान्यात आलेल्या बाळाच्या डाव्या डोळ्याची बाहुली पांढरी दिसते, जन्मापासूनचा मोतीबिंदू. आजी म्हणतात, सव्वा महिना झाल्याशिवाय बाळंतीण उंबरा ओलांडणार नाही. भूलतज्ज्ञ म्हणतात, शस्त्रक्रियेआधी वजन वाढू द्या. वडील म्हणतात, दुसरा डोळा चांगला आहे ना! सगळं सविस्तर लिहिलंस, पण बाळ कितव्या दिवसाचं आहे ते नाही लिहिलंस. 'साधारण तीन आठवडे.' साधारण म्हणजे काय गं? फोन करून विचारलं तेव्हा कळलं, आज तेविसावा दिवस.

वय दिवसांत लिही. केसपेपरवर, वरच्या कोपऱ्यात, लाल पेनाने.

जन्मापासूनचा दाट मोतीबिंदू एकाच डोळ्यात असेल तर तो सहा आठवड्यांच्या आत निघायला हवा. बेचाळीस दिवस. चार आठवड्यांच्या आधी काढला तर पुढे काचबिंदूचा धोका वाढतो, म्हणून उद्याच पळ असं मी म्हणत नाही. आजींचा सव्वा महिना अडतिसाव्या दिवशी संपेल. मग बालरोगतज्ज्ञांची तपासणी, हृदयाची इको, रक्त, भुलेची तारीख. उरलेल्या चार दिवसांत हे कसं बसवणार आहेस, मला सांग.

म्हाताऱ्यांचा मोतीबिंदू पिकू देत, तोच हिशेब लोक बाळाला लावतात. मोतीबिंदू सहा महिन्यांनीही काढता येतो गं, पण तोवर मेंदूने त्या डोळ्याचा नाद सोडलेला असतो. ह्यूबेल आणि वीझेल या मेंदूशास्त्रज्ञांनी मांजरीच्या पिल्लांची एक पापणी शिवून ठेवली होती. पुढे ती उघडली तेव्हा डोळा ठणठणीत होता, पण मेंदू त्याचं काही ऐकेना. त्यांना १९८१चं नोबेल मिळालं. परीक्षेत तू हे लिहिलं असशीलच. आता वडिलांना समजेल असं सांग. दोन्ही डोळे मोतीबिंदूने झाकलेले असते तर आठ आठवड्यांपर्यंत वेळ होता. इथे तो चांगला डोळाच मेंदूतली सगळी जागा बळकावतोय, रोज थोडी थोडी.

१९९३ साली माझ्याकडे अशीच एक मुलगी आली होती. पन्नास दिवसांची, उजवा डोळा. उशीर झालाच होता, पण हातचं सगळं गेलं नव्हतं. भूल द्यायला कुणी तयार होईना. मी कागदावर लिहिलं, 'तीन महिन्यांनी या.' माझ्या अक्षरात. ती आली सातव्या महिन्यात. शस्त्रक्रिया इतकी स्वच्छ झाली की मी घरी जाऊन कौतुकाने सांगितलं. चार वर्षांची असताना मी तिचा चांगला डोळा तळहाताने झाकला. हातातली बाहुली तिने खाली ठेवली आणि आईचा पदर चाचपडत शोधू लागली. रडली नाही.

तेव्हा एवढ्या लहान बाळांना भूल देणारी माणसं तालुक्यात नव्हती, हे खरं आहे. पण पुण्या-मुंबईला होती, आणि फोनही होता. मी फोन केला नाही, कारण मी दिवस मोजलेच नव्हते.

म्हणून वजनाचं कारण ऐकून मान हलवू नकोस. लहान बाळांना रोज भूल देणाऱ्या केंद्राकडे पाठव. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात मोतीबिंदू आहे. २०१३मध्ये हा सरकारी कार्यक्रम आपल्याच पालघरहून सुरू झाला. कागद आजच भर.

मोतीबिंदू काढल्यावर डोळ्याच्या आत लेन्स का बसवत नाहीत, असं घरचे विचारतील. अमेरिकेत एकाच डोळ्यात मोतीबिंदू असलेल्या ११४ बाळांवर अभ्यास झाला. निम्म्यांना आत लेन्स, निम्म्यांना कॉन्टॅक्ट लेन्स. साडेचार वर्षांच्या वयात नजर सारखीच निघाली, पण आत लेन्स बसवलेल्यांना पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया लागल्या. म्हणून सात महिन्यांखाली बाहेरची लेन्स किंवा चष्मा. आणि पट्टी. चांगल्या डोळ्यावर, आठ महिन्यांपर्यंत जितक्या महिन्यांचं बाळ तितके तास, रोज. बाळ पट्टी ओरबाडेल, सासू म्हणेल चांगला डोळा का बांधतेस, आणि ती आई एकटी पडेल. तिचा नंबर आत्ताच घेऊन ठेव. काचबिंदूची तपासणी तर जन्मभराची.

आजींशी भांडायचं का, असं विचारलंस. नाही. त्यांनीही बाळंतपणं निस्तरली आहेत; वारा लागेल ही त्यांची भीती खोटी नाही. आशाताईंना घेऊन घरी जा. दार-खिडकी लोटून अंधार कर, बाळ उभं धर म्हणजे ते डोळे उघडेल, आणि हातभर अंतरावरून ऑफ्थॅल्मोस्कोपचा, म्हणजे डोळ्यात पाहायच्या दिव्याचा, उजेड टाक. आधी उजव्या बाहुलीतली लाली आजींना तुझ्या जागेवरून पाहू दे, मग डावी. मग गाडीची गोष्ट काढ: काचा बंद, बाळंतिणीच्या कानाला फडकं, मांडीवर बाळ, आणि शेजारी आजी स्वतः.

केंद्राशी मी सकाळी बोलते. पहिलं वाक्य 'बाळ चोवीस दिवसांचं आहे' असं असेल. तू तिथे कागद पाठवशील तेव्हा तुझंही तेच असू दे.

तुझी,
मॅडम