बंगळुरूची थकबाकी आधी, मुंबईचा अर्ज नंतर

प्रश्न : बेळगावच्या कॉलेजातून बीडीएस केलं. नोंदणी कर्नाटकच्या डेंटल कौन्सिलची आहे. २०१८ पासून कोल्हापूर जिल्ह्यात स्वतःचं क्लिनिक चालवतो. सुरुवातीची काही वर्षं सोडली तर नोंदणीचं नूतनीकरण राहून गेलं. आता एका पेशंटच्या वकिलाची नोटीस आली आहे, तीत माझा महाराष्ट्रातला नोंदणी क्रमांक विचारला आहे. एजंट म्हणतो, कर्नाटकचा उल्लेखच न करता मुंबईत नवीन नोंदणी करून देतो. करू का?

उत्तर : नको. एजंटाला आगाऊ काही दिलं असेल तर ते बुडालं असं समजा. एका राज्यात नोंद असताना दुसऱ्या राज्यात ‘प्रथम नोंदणी’चा अर्ज भरायचा म्हणजे प्रतिज्ञापत्रावर खोटं लिहायचं. आज तुमच्यावर फार तर हलगर्जीपणाचा ठपका येईल, उद्या फसवणुकीचा येईल.

सीमाभागातून असे प्रश्न सारखे येतात आणि जवळपास प्रत्येकाला वाटतं की घोडं ‘कर्नाटक की महाराष्ट्र’ इथे अडलंय. तसं नाही. १९४८ च्या डेंटिस्ट्स अॅक्टमध्ये नोंद एका राज्यात आणि व्यवसाय दुसऱ्या राज्यात ही स्थिती गृहीत धरलेली आहे, नोंदणी बदलून घेण्याचं कलम ४६-अ त्यासाठीच आहे. इतकी वर्षं ती बदलून घेतली नाहीत हे चूकच, पण तेवढ्यावरून तुम्ही बोगस डॉक्टर ठरत नाही, असं मांडता येतं.

तुमचं सगळं प्रकरण कलम ३९ वर उभं आहे. नूतनीकरणाची फी मुदतीत भरली नाही तर रजिस्ट्रारने नाव नोंदवहीतून काढायचं, असं ते कलम सांगतं. आणि ‘नोंदणीकृत दंतवैद्य’ म्हणजे ज्याचं नाव त्या त्या वेळी नोंदवहीत आहे तो. भिंतीवर फ्रेम करून लावलेलं सर्टिफिकेट इथे कामाचं नाही. नाव निघालं असेल तर त्या दिवसापासूनची प्रॅक्टिस कलम ४९ खाली, म्हणजे नोंदणीविना व्यवसाय, या सदरात जाते. पहिल्या वेळचा दंड पाचशे रुपयांपर्यंत आहे, पण त्यावर हसू नका. ग्राहक आयोगात समोरचा वकील दंडाबद्दल बोलणारच नाही. तो बंगळुरूच्या कर्नाटक कौन्सिलकडून माहिती अधिकारात आलेला कागद पुढे ठेवेल आणि विचारेल, ‘रूट कॅनाल केली त्या दिवशी डॉक्टरांचं नाव नोंदवहीत होतं का?’ विमा पॉलिसी असेल तर कंपनीही हेच विचारील.

मात्र फी थकली म्हणून नाव आपोआप गळत नाही, रजिस्ट्रारला ते काढावं लागतं. कित्येकदा थकबाकी चढत राहते आणि नाव जागेवरच असतं. म्हणून पहिलं काम एकच : तुमच्या नोंदीच्या उताऱ्याची प्रमाणित प्रत आणि नाव काढल्याचा आदेश असल्यास तारखेसह त्याची प्रत, यासाठी बंगळुरूला लेखी अर्ज. सोबत माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्जही टाका. त्याला तीस दिवसांची मुदत असते, साध्या अर्जाला नसते.

उताऱ्यात नाव असेल तर थकबाकी भरा, पावती घ्या, पुढे चला. नसेल तर आजपासून तोंडात औजार घालू नका. चालू रूट कॅनाल आणि तारा लावलेले पेशंट एक्स-रे व नोंदींसह दुसऱ्या नोंदणीकृत डॉक्टरांकडे लेखी सोपवा. प्रिस्क्रिप्शन, सर्टिफिकेट, पावती यांवर नोंदणी क्रमांक लिहिणं आचारसंहितेने बंधनकारक आहे. म्हणजे या काळातला प्रत्येक कागद तुमच्याच सहीचा पुरावा होईल. फी भरून नाव परत घेता येतं. ते मागील तारखेपासून धरायचं का, यावर कलम काही बोलत नाही, दोन्ही बाजूंनी युक्तिवाद होऊ शकतो. मी त्यावर विसंबणार नाही. नूतनीकरणासाठी कौन्सिल सीडीई (पदवीनंतर चालू ठेवायच्या दंतशिक्षणाचे) गुणही मागते. त्यांची सर्टिफिकेटं घरात कुठे पडली आहेत ते आत्ताच शोधा.

मग बदली. १९४८ च्या कायद्यानुसार अर्ज दिल्लीच्या केंद्रीय परिषदेकडे (डेंटल कौन्सिल ऑफ इंडिया) करायचा असतो, तिथून दोन्ही राज्यांना आदेश निघतो. २०२३ चा राष्ट्रीय दंत आयोग कायदा याच जुन्या कायद्याच्या जागी आणलेला आहे, तेव्हा अर्जाच्या दिवशी चालू असलेला नमुना अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. थकबाकी मात्र कोणत्याही नव्या कायद्याने माफ होत नाही. लागतात ते कागद साधारण असे : कर्नाटकचं मूळ सर्टिफिकेट, येणं बाकी नसल्याचा दाखला, गुड स्टँडिंग (तुमच्यावर कारवाई नसल्याचा कौन्सिलचा दाखला), पदवी, इंटर्नशिप आणि महाराष्ट्रातल्या क्लिनिकचा पुरावा. मूळ सर्टिफिकेट जमा होतं, त्याआधी त्याच्या साक्षांकित रंगीत प्रती काढून ठेवा. बदलीची फी नव्या राज्याच्या नूतनीकरण फीपेक्षा जास्त असू शकत नाही, असं कलमातच आहे. एजंटाचा आकडा त्याच्याशी ताडून पाहा.

घाई करायची ती एका कारणाने. शिस्तभंगाची चौकशी चालू असेल तर बदलीचा अर्ज, तुमचं म्हणणं ऐकून घेऊन, फेटाळता येतो. वकिलाची नोटीस म्हणजे चौकशी नव्हे. पण तोच पेशंट उद्या कौन्सिलकडे तक्रार घेऊन गेला तर ही फट बंद होऊ शकते. फॉर्ममध्ये प्रलंबित तक्रारींचा रकाना असेल तर नोटिशीचा उल्लेख करा, लपवू नका.

एक्स-रे मशीनची ई-लोरावरची (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या संकेतस्थळावरची) नोंद आणि जैववैद्यकीय कचऱ्याचं प्रदूषण मंडळाचं अधिकारपत्र हे विषय वेगळे आहेत, पण नोटीस देणारा वकील तेही मागणार, फाइल लावून ठेवा.

नोटिशीला उत्तर वकिलामार्फतच द्या. उपचाराबद्दलचं म्हणणं सविस्तर मांडा. नोंदणीबद्दल, उतारा हातात येईपर्यंत, ‘कागदपत्रं मागवली आहेत’ एवढंच लिहा. ‘मी नोंदणीकृत आहे’ असं लिहिलंत आणि नाव निघालेलं असलं, तर खोटा दावा केल्याचं कलम ४७ स्वतःच्या हाताने ओढवून घ्याल.