पोवाडे गाणाऱ्या मुलाला 'शाहीर' म्हणावं की 'गायक'?

तुमचा मुलगा डफावर पोवाडे गातो आणि कार्यक्रमाच्या पत्रिकेत त्याच्या नावाआधी 'शाहीर' लिहावं की 'गायक', असं तुम्ही विचारलंय. मी म्हणेन, आधी त्यालाच विचारा, पोवाडे जोडले कोणी?

शब्द मूळचा अरबी, 'शाइर'. अर्थ कवी. फारसीतून तो मराठीत आला आणि इथं त्याच्या हाती डफ आला. तोच शब्द उर्दूच्या वाटेनं 'शायर' होऊन पुन्हा आला, पण तो शेर म्हणणारा. आपला शाहीर स्वतः रचतो आणि उभं राहून गातो. 'गवई' म्हटलं की मला तंबोरा अन् राग आठवतो, ती वाटच वेगळी.

माझं गाव भंडारा जिल्ह्यातलं. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरली की रात्री खडी गंमत, आमच्याकडचं लोकनाट्य. पुढं शाहीर, मागं उभे राहून सूर धरणारे झीलकरी. माझे मोठेबाबा बावीस वर्षं झीलकरी होते. माइक नसायचा, तरी आवाज पार शेवटच्या बैलगाडीपर्यंत जायचा. खरं सांगतो, गळा शाहिरापेक्षा गोड. पण कोणी 'शाहीर' म्हणून हाक मारली की लगेच म्हणायचे, "गाणं त्याचं हाये, मी झील धरतो गा."

अर्थात शब्द इतका काटेकोर राहिलेला नाही. पेशवाईतले होनाजी बाळा घ्या. कितीतरी लोकांना तो एकच माणूस वाटतो. कवनं होनाजी शिलारखान्यांची, गळा बाळा करंजकरांचा, आणि शाहीर म्हणून नाव झालं ते जोडीचं. आता तर पोवाडा गाणाऱ्याला सरसकट शाहीर म्हणतात. तुम्ही लिहिलंत तर कोणी चूक काढणार नाही.

तरी मी घाई करणार नाही. शाहीर शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव गुंफतो. तुमचा मुलगा तिथं दुसऱ्याचं नाव गात असेल, तर 'पोवाडा गायन' लिहा आणि खाली रचणाऱ्याचं नाव द्या. घरच्या धानावर, गावच्या तळ्यावर त्यानं चार कडवी जोडली, की पुढच्या पत्रिकेत खुशाल 'शाहीर' छापा.

आणि त्याच्यामागं झील धरणारी पोरं असतील, तर त्यांचीही नावं घाला. बावीस वर्षांत मोठेबाबांचं नाव एकाही पत्रिकेत आलं नाही.