हौशी बोटीत मासे ठेवायची टाकी बसवून घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की सोलापुरात राहता, सुट्टीच्या दिवशी उजनीवर गळ टाकायला जाता, आणि आता दोघा मित्रांत मिळून 14 फुटी फायबरची बोट बनवून घेताय. बोट बनवणारा म्हणतोय, मधल्या बाकाखाली मासे ठेवायची टाकी आत्ताच बसवून घ्या, नंतर जमणार नाही. वाढीव पैसे द्यावेत का, असा तुमचा प्रश्न.

माझं उत्तर असं: मासे जिवंत ठेवायची पाण्याची टाकी घेऊ नका. बर्फाची पेटी घ्या, आणि तीही बोटीत पक्की केलेली नको, दोघांनी उचलून घरी नेता येईल अशी घ्या.

मी स्वतः पाण्याची टाकी बसवून घेतली होती. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, पंप आणि बॅटरी यांत आयुष्य गेलं, त्यामुळे वाटलं, यात अवघड काय आहे? साठ लिटरची टाकी, तळाला एक व्हॉल्व्ह, वर झाकण. पहिल्याच मे महिन्यात भीमानगरच्या वरच्या अंगाला गेलो. सकाळी सात ते अकरा या वेळात पाच चिलापी आणि दोन रोहू मिळाले. सगळे टाकीत सोडले. साडेअकराला झाकण उघडलं तर दोन्ही रोहू पोट वर करून पडलेले, चिलापी पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून धापा टाकतायत. काठाला येईपर्यंत तेही गेले. दुपारी घरी येऊन कापायला घेतले तर मांस ढिलं पडलेलं, कल्ल्यांचा रंग मातकट. ते सगळे टाकून द्यावे लागले. तो दिवस अजून मनातून जात नाही. धरलेला मासा ताटात आला नाही आणि परत पाण्यातही गेला नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

का झालं ते नंतर नीट समजून घेतलं. पाणी तापलं की त्यात विरघळणारा प्राणवायू कमी होतो. 20 अंशाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम मावतो, 30 अंशाला साडेसात, 35 ला सातच्याही खाली. आणि नेमकं त्याच वेळी माशाला जास्त प्राणवायू लागतो, कारण तापलेल्या पाण्यात त्याचं शरीर जोरात चालतं आणि गळावर झुंजून तो आधीच दमलेला असतो. आता हिशोब करा. साठ लिटर पाण्यात साडेचारशे मिलिग्रॅम प्राणवायू. दमलेला एक किलो मासा तासाला काही शे मिलिग्रॅम सहज ओढतो. तीन किलो मासे टाकले तर अर्ध्या तासात पाण्यात काही उरत नाही. शिवाय मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडत असतो. तळ्यात तो पसरून जातो, टाकीत तिथंच साठतो, आणि पाणी जितकं गरम तितका तो जास्त घातक.

यावर उपाय पंप. पंप बाहेरचं ताजं पाणी आत आणतो, वरून फवारा पडतो, जास्तीचं पाणी वरच्या नळीतून बाहेर जातं. फवारा पडताना हवा मिसळते. परदेशातल्या हौशी बोटींवर असतात त्या टाक्या या पद्धतीच्या. अमेरिकेत बास माशाच्या स्पर्धा होतात, तिथं 1972 पासून मासा जिवंत वजन करून परत सोडायची पद्धत पडली, आणि त्या टाक्या खऱ्या अर्थानं त्या गरजेपोटी सुधारत गेल्या. कोपरे गोल, म्हणजे माशाचं तोंड घासत नाही. झाकण घट्ट, आत अंधार, म्हणजे मासा शांत राहतो. स्पर्धेत उतरणाऱ्याला त्या टाकीशिवाय चालत नाही. आपल्याकडं तशी स्पर्धा नसेल तर ती गरजही नाही.

तरी मी पंप बसवला. तासाला 1,900 लिटर पाणी टाकणारा 12 व्होल्टचा छोटा पंप दोन ते अडीच अँपिअर ओढतो. सहा तास चालवला तर 12 ते 15 अँपिअर-तास गेले. यूपीएसमधली 7 एएचची, म्हणजे 7 अँपिअर-तासांची, बॅटरी यात टिकतच नाही. गाडीची 35 एएचची घेतली तर चालते, पण तिचं वजन नऊ-दहा किलो, आणि त्याच बॅटरीवर इंजिन सुरू करत असाल तर परतीच्या वेळी स्टार्टर कुरकुरायला लागतो. मी टायमर लावला, दोन मिनिटं चालू, तीन मिनिटं बंद. बॅटरीचा प्रश्न सुटला. पाण्याचा सुटला नाही.

उजनीचं पाणी उन्हाळ्यात कसं असतं ते तुम्ही पाहिलंच असेल. वर हिरवी साय, काठाला जलपर्णी. पंपाची जाळी अर्ध्या तासात शेवाळानं बंद पडते आणि मोटार कोरडी फिरते. असे जळालेले दोन पंप माझ्या दुकानात अजून आहेत. आणि जाळी साफ ठेवली तरी पंप ओढतो ते वरचंच, तापलेलं पाणी. हिरव्या शेवाळाच्या पाण्यात दिवसा प्राणवायू चांगला असतो, पण रात्रभर शेवाळ तोच प्राणवायू वापरतं, त्यामुळे पहाटे तो सगळ्यात कमी. आपण गळ टाकायला जातो तेही पहाटेच. म्हणजे ताजं पाणी म्हणून जे आत घेतो ते त्या वेळी फारसं ताजं नसतं.

मरळीचं वेगळं सांगायला हवं. एकदा चांगली दीड किलोची मरळ लागली. आता हिला पाणी कमी पडायला नको म्हणून मी टाकी काठोकाठ भरली आणि झाकण लावलं. तासाभरानं ती मेलेली. शेजारी थर्माकोलच्या तराफ्यावर जाळं ओढणारे एक म्हातारे भोई होते. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "मालक, मरळीला वरची हवा लागती. तुम्ही तिला पाण्यातच बुडवून मारली." खरंच आहे. मरळ कल्ल्यांबरोबर थेट हवेतूनही श्वास घेते, तिला दर थोड्या वेळानं पृष्ठभागावर यावंच लागतं. झाकणाखाली हवेची जागा नसेल तर ती पाण्यात गुदमरते. त्यांनी आपलं ओलं बारदान दाखवलं, त्यात दोन मरळी गुंडाळलेल्या, तास-दोन तासांनी पाणी शिंपडायचे, बस्स. सावलीत त्या तशाच तासन्तास जिवंत राहतात. माझ्या पंप, टायमर आणि साठ लिटर पाण्यापेक्षा ते पोतं जास्त कामाचं होतं, आणि हे ज्ञान त्यांच्याकडं पिढ्यांचं आहे.

आता वजनाचं बोलू, कारण माझ्या मते तुमच्या बोटीसाठी हाच सगळ्यात मोठा मुद्दा आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. साठ लिटरची टाकी म्हणजे बोटीत आणखी एक माणूस बसवला, तोही असा की जो एका जागी बसत नाही. टाकी पूर्ण भरलेली असेल तर पाणी हलत नाही. अर्धी असेल तर बोट डावीकडं कलली की सगळं पाणी डावीकडं धावतं आणि बोट आणखी कलते. 14 फुटी बोटीला हे सोसत नाही. उजनीचं पाणी शांत दिसतं, पण उन्हाळ्यात दुपारनंतर वळवाचा वारा सुटला की बघता बघता लाटा उठतात. 21 मे 2024 ला कुगावहून कळाशीला येणारी बोट अशाच वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. करमाळा आणि इंदापूरच्या काठावरची माणसं अजून तो दिवस विसरलेली नाहीत. त्या बोटीत टाकी होती म्हणून नाही सांगत मी. छोट्या बोटीत हलणारं वजन घेऊन तिथं जाऊ नये, एवढ्यासाठी सांगतोय. लाइफ जॅकेट दोघांनीही घालूनच बसायचं, बाकाखाली ठेवून नाही. आभाळ काळं दिसलं की गळ गुंडाळायचे. यात माझं कोणाशी दुमत झालं तरी चालेल.

मग मासे ठेवायचे कशात? आधी ठरवा, मासा खायचा की सोडायचा. सोडायचा असेल तर टाकीत घालूच नका. हात ओले करा, गरी काढा, पाण्यात दोन्ही हातांनी धरून ठेवा, तो स्वतः निसटला की झालं. फोटो काढायचा तर बोटीच्या कडेला, पाण्याजवळ. टाकीत चार तास ठेवून संध्याकाळी सोडलेला मासा पोहत गेलेला दिसतो, पण खवले गेलेले आणि अंगावरचा बुळबुळीत थर पुसलेला मासा पुढं बुरशी लागून मरू शकतो.

आणि खायचा असेल तर त्याला ताटकळत ठेवण्यात अर्थ नाही. डोक्यावर एक नेमका घाव, लगेच कल्ल्याखाली काप देऊन रक्त जाऊ द्यायचं, मग बर्फात. तडफडून मेलेल्या माशाचं मांस लवकर मऊ पडतं आणि चवही उतरते. हे एकदा दोन्ही पद्धतींनी करून, एकाच रश्शात टाकून खाऊन बघा. आमच्या घरी तर मुलंसुद्धा ओळखतात.

बर्फ किती लागतो याचाही हिशोब आहे. 30 अंशाचा दहा किलो मासा शून्यापर्यंत आणायला साधारण सव्वातीन किलो बर्फ वितळावा लागतो. पण सोलापूरचं ऊन 42-43 अंशांवर जातं, झाकण दहा वेळा उघडतं, त्यामुळे मी उन्हाळ्यात माशाइतकाच बर्फ नेतो, किलोला किलो. लादी तशीच टाकू नका, पोत्यात घालून फोडून घ्या. त्यात थोडं पाणी घालून गारेगार काला केला तर मासा सगळ्या बाजूंनी गार पाण्याला टेकतो आणि नुसत्या बर्फापेक्षा फार लवकर थंड होतो. पूर्ण गार झाला की पाणी सोडून द्या आणि नुसत्या बर्फात ठेवा. टेंभुर्णीहून निघताना बर्फ घेतला तर संध्याकाळी घरी पोचेपर्यंत पुरतो, पेटी पफ (उष्णता अडवणारा फोम) भरलेली जाड भिंतीची असेल तर. थर्माकोलची पेटी दोन फेऱ्यांत तडकते.

बर्फाची पेटीच बोटीत पक्की बसवली तर? मोठ्या बोटीत त्याला अर्थ आहे. मालवण किंवा रत्नागिरीला समुद्रात दिवसभर जाणाऱ्यांना मी तीच घ्या म्हणेन. तिथं हातभर लांब सुरमई लागते, ती सुट्या पेटीत मावत नाही. शिवाय सुरमई, बांगडा, ट्युना हे मासे गरम राहिले तर त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं, आणि मग शिजवूनही ते जात नाही, खाणाऱ्याला बाधतं. तिथं बाकाखालची जाड भिंतीची पेटी, वजन खाली आणि मध्यावर, तळाला बाहेर जाणारी निचऱ्याची नळी, ही उत्तम सोय आहे.

14 फुटी बोटीत मात्र ती पेटी रोज धुवायची कशी हा प्रश्न येतो. निचरा बोटीच्या तळातच होत असेल तर रक्तपाणी फळीखाली साठतं आणि आठ दिवसांत असा वास सुटतो की बोटीजवळ उभं राहवत नाही. जोडाला बारीक चीर पडली की पाणी आतल्या फोममध्ये मुरतं. मग बोट जड होते आणि ते कुठून होतंय तेच कळत नाही. आणखी एक गोष्ट सोलापूरकरांनी ध्यानात घ्यावी. उजनीत 117 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं, त्यातला 63 टीएमसीहून थोडा जास्त मृतसाठा, म्हणजे तळाचं पाणी. पाणी त्याच्याही खाली उतरलं, म्हणजे धरण मायनसमध्ये गेलं, की काठ कुठल्या कुठं सरकतो, आणि बोट चिखलातून ओढत न्यावी लागते. तेव्हा बोटीतला प्रत्येक वाढीव किलो जाणवतो. सुटी पेटी आधी उचलून गाडीत ठेवता येते.

एका बाबतीत पाणी लागतंच, जिवंत चारा ठेवायला. त्यासाठी वीस लिटरची झाकणाची बादली आणि मत्स्यालयात लावतात तसला सेलवरचा हवेचा पंप पुरतो. पाणी अर्धंच भरा, बादलीवर ओलं फडकं टाका.

आणि एक कळकळीची विनंती. उजनीचे जिवंत मासे किंवा बादलीतलं पाणी हिप्परग्याच्या तलावात किंवा दुसरीकडं कुठं ओतू नका. चिलापी बाहेरून आलेला मासा आहे, एकदा घुसला की जागा सोडत नाही. पाण्याबरोबर जलपर्णीचे तुकडे आणि माशांवरचे परजीवीही जातात. उरलेलं पाणी काठापासून लांब कोरड्या जमिनीवर ओता. उजनीवर गळ टाकण्याआधी मत्स्य विभागाच्या कार्यालयात परवान्याचं विचारून घ्या, आणि तिथल्या मच्छीमारांच्या जाळ्यांपासून लांब राहा. त्यांचं पोट त्यावर आहे.

बोटवाल्याला आता एवढं सांगा: मधल्या बाकाखाली टाकी नको, मोकळी जागा सोड, 50 लिटरची पेटी आत सरकेल एवढी. दोन्ही बाजूंना पट्टा अडकवायला स्टीलच्या कड्या बसव, म्हणजे लाटेत पेटी घसरणार नाही. पेटी आधी विकत घ्या आणि तिचं माप घेऊनच त्याच्याकडं जा. मी माप न घेता गेलो होतो, आणि बाकाची फळी नंतर दोन इंच कापून घ्यावी लागली.