आयआयटी कानपूरच्या एकेएस चाचणीमुळे आरएसए (माहिती गुप्त ठेवायची सांकेतिक पद्धत) मोडीत निघालं का?

नाही. दोन वेगळे प्रश्न एकत्र मिसळतायत.

मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी २००२ मध्ये दाखवलं, की एखादी संख्या मूळ आहे की नाही हे बहुपदी वेळेत (म्हणजे अंक वाढले तरी वेळ आटोक्यात राहील असं), नशिबावर हवाला न ठेवता ठरवता येतं. तीच एकेएस चाचणी, तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून. (कयाल आणि सक्सेना तेव्हा नुकतेच बीटेक झाले होते!) आरएसएची भिस्त मात्र मोठ्या संख्येचे अवयव शोधणं कठीण असण्यावर आहे.

पण अवयव न सापडता संख्या मूळ नाही हे कळेल कसं? ९१ घ्या. फर्माच्या नियमानुसार ९१ मूळ असती, तर २ चा ९० वा घात ९१ ने भागल्यावर बाकी १ उरली असती. उरते ६४. म्हणजे ९१ मूळ नाही, आणि ७ किंवा १३ चं नावही निघालं नाही. एकेएसची युक्ती हाच नियम बहुपदींवर नेऊन पक्का करण्याची आहे.

गंमत म्हणजे आरएसएच्या किल्ल्या बनवताना मूळ संख्या निवडायला आजही सहसा मिलर-राबिन ही नशिबावर हवाला ठेवणारी चाचणीच वापरतात. तिची प्रत्येक फेरी चुकण्याची शक्यता फार तर १/४, म्हणून ४० फेऱ्या पुरे. एकेएस त्यापुढे फारच संथ.