अमेरिकेच्या महिला फुटबॉलपटूंना आता पुरुषांइतकेच पैसे मिळतात का?

हो, राष्ट्रीय संघाकडून खेळताना मिळतात. क्लबकडून खेळताना मात्र अजून नाही. मी नागपुरात शाळकरी मुलींना फुटबॉल शिकवते, पालक हाच प्रश्न विचारतात, म्हणून या खेळाडूंचा समान वेतनाचा खटला सुरुवातीपासून वाचत आले आहे. खेळाडूंनी २०१९ मध्ये अमेरिकेच्या फुटबॉल महासंघावर दावा लावला. २०२० मध्ये न्यायाधीशांनी समान वेतनाचा मुद्दा फेटाळला. महिलांची एकूण कमाई पुरुषांपेक्षा जास्तच भरते, हे त्यांचं कारण. पण ती जास्त भरली कारण त्या जास्त सामने खेळल्या आणि विश्वचषक जिंकल्या! जिंकण्याचा बोनस पुरुषांच्याच करारात मोठा होता. हा निकाल मला आजही पटत नाही. अपील चालू असतानाच २०२२ मध्ये २.४ कोटी डॉलरवर तडजोड झाली आणि नव्या करारानुसार दोन्ही संघांची विश्वचषकाची बक्षीस रक्कम एकत्र करून सारखी वाटायची ठरली. खरा बदल हाच, कारण फिफाची रक्कम मुळातच असमान आहे: पुरुषांच्या २०२२ च्या विश्वचषकाला ४४ कोटी डॉलर, महिलांच्या २०२३ च्या स्पर्धेला ११ कोटी. क्लबचे पगार या करारात येत नाहीत, ते प्रत्येक लीगच्या कमाईवर ठरतात.