हालस्टाटला पहिल्यांदाच जाताय? मग आधी डोंगर चढा

तळ्याकाठचा तो प्रसिद्ध फोटो पाच मिनिटांत काढून होतो. बहुतेक जण तेवढ्यावरच परततात, आणि मला त्याची फार हळहळ वाटते. जेमतेम आठशे वस्तीचं हे ऑस्ट्रियन गाव खरं कळतं ते वर, मिठाच्या खाणीत. तिथे एक लाकडी जिना आहे. त्याची लाकडं इसवी सनापूर्वी १३४४ च्या सुमाराला तोडलेली! मिठाने ती कुजू दिली नाहीत. खाणीजवळच १८४६ पासून रामझाउअर या खाण-अधिकाऱ्याने जवळपास हजार प्राचीन कबरी उकरल्या, प्रत्येकीची चित्रं काढून ठेवली. म्हणून तर युरोपातल्या लोहयुगाच्या आरंभकाळाला या चिमुकल्या गावाचं नाव मिळालं.

खाली उतरलात की चर्चमागचं अस्थिघर चुकवू नका. दफनाला जागा अपुरी, म्हणून पूर्वी काही वर्षांनी कबर उघडून कवटी स्वच्छ करायची, उन्हात पांढरी होऊ द्यायची, मग रंगवायची. सुमारे बाराशे कवट्यांपैकी निम्म्या रंगवलेल्या आहेत. कपाळावर नाव, भोवती पानाफुलांची वेल. भीती वाटत नाही हो, आपल्या माणसाला जवळ ठेवण्याची माया दिसते. तिथे आवाज हळूच ठेवा.

आणि शक्यतो रेल्वेने जा. स्टेशन तळ्यापलीकडे आहे, गावात बोटीने उतरायचं. १८९० च्या आसपास रस्ता होईपर्यंत लोक असेच पाण्यावरून किंवा डोंगरवाटेने येत.